मास्तरांची घंटी आणि अक्काची मान

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या मंगळवारी, धुळ्याच्या आग्रा रोडवर भर बाजारात एका ड्रॉइंग मास्तरांच्या सायकलीने लसूण विकणाऱ्या एका म्हातारीला पाडले. वेळ सकाळची, शाळेच्या आधीची. म्हातारीचे मनगट मुरगळले. लसणाची टोपली उलटली. सायकलीचे पुढचे चाक वाकले आणि मास्तर शेजारच्या लाल मिरच्यांच्या ढिगावर जाऊन पडले.

मास्तर शिंकत शिंकत बोलू लागले, "अक्का, मी घंटी वाजवली होती. दोनदा वाजवली."

"पहिले लसूण येच," म्हातारी म्हणाली. "मंग बोल."

मास्तरांनी बसल्या जागी हात पोचेल तेवढा लसूण वेचला. उठता येत नव्हते. त्यांचा उजवा पाय लहानपणापासून गुडघ्यात ताठ होता. म्हातारीच्या ते लक्षात आले तेव्हा तिने आधी त्यांना हात दिला आणि मग शिव्या दिल्या.

मास्तर म्हणाले, "घंटी ऐकून तुम्ही बाजूला का नाही झालात? उलट वळून माझ्यासमोर उभ्या राहिलात!"

"घंटी वाजनी, मी वळनू. मांगून कोन बलावस ते दखाले नको? राम राम कराले नको?"

हे संभाषण मी स्वतः ऐकले. मी तेव्हा धुळ्याच्या एका साप्ताहिकासाठी बातम्या गोळा करत असे. त्याआधी शाळेत याच मास्तरांनी मला सरळ रेघ मारायला शिकवले होते. बातमी चार ओळींची झाली. मास्तरांच्या बाबतीत मात्र ती पुढचे चार महिने चालू राहिली.

मास्तरांची सायकल लांबून ओळखू येई. उजवे पेडल काढून टाकलेले होते. त्या जागी फ्रेमला लोहाराकडून एक लोखंडी टेकू बसवून घेतलेला होता, आणि त्यावर ताठ पाय समोर सरळ पसरलेला असे. डाव्या पेडलला चामड्याचा पट्टा होता. एकाच पायाने ते पेडल खाली दाबत आणि त्याच पायाने वर ओढत. गावात म्हणत, "मास्तरांचा पाय आला, मागून सायकल येईलच." चढायला आणि उतरायला त्यांना ओटा लागे. घरापासून शाळेपर्यंतचे सगळे ओटे त्यांना पाठ होते. कुणाचा किती उंच, कुणाच्या ओट्यावर सकाळी पाणी मारतात, कुठे कुत्रे झोपते, हे ते न विचारता सांगत.

काळ्या कोटाच्या पाठीवर त्यांनी पांढऱ्या रुमालाचा चौकोन टाचणीने लावलेला असे. मागून येणाऱ्याला आपण दिसलो पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. हॅन्डलवर दाढीचा आरसा बांधलेला होता. एक घंटी हॅन्डलवर होती आणि दुसरी कोटाच्या खिशात. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये वळण आले की ते खिशातली घंटी काढून वाजवत आणि मगच वळत. मुख्याध्यापकांनी हे बंद करायला सांगितले होते. त्यावर मास्तरांनी विचारले, "साहेब, पलीकडून कोण येतंय हे आपल्याला कसं कळतं?" मुख्याध्यापक म्हणाले, "इतकी वर्षं कळलेलं नाही, पण कुणी मेलेलंही नाही." मास्तर म्हणाले, "हाच तर युक्तिवाद गाडीवानही करतात."

वर्गात मडक्याचे चित्र काढायला दिले तरी त्यांचा विषय रस्त्यावर जाई. "कागद एक आणि हात दोन," ते म्हणत. "दोघांनी एकाच वेळी एकाच जागी रेघ मारली तर चित्र होत नाही, गिचमिड होते. त्या गिचमिडीला लोक अपघात म्हणतात."

एकदा जळगावच्या एका मंडळाने त्यांना व्याख्यानाला बोलावले. ते आगगाडीने सायकल घेऊन गेले. व्याख्यान त्यांनी दिलेच नाही. सभागृहातल्या खुर्च्या भिंतीला लावायला सांगितल्या, जमिनीवर खडूने रस्ता काढला आणि श्रोत्यांना त्यावरून चालायला लावले. एकाला टांगा केले, दोघांना सायकली, आणि एका नामांकित वकिलांना हाताला धरून मधोमध उभे केले.

"मी कोण?" वकिलांनी विचारले.

"आपण बैल."

"मी? बैल?"

"डावीकडचा. उजवीकडचा अजून यायचाय."

वकील रागावून निघाले, ते खडूच्या रस्त्यावरूनच निघाले आणि चुकीच्या बाजूने. मास्तरांनी खिशातली घंटी वाजवली. वकील थांबले आणि मागे वळून पाहू लागले. "बघा," मास्तर सभेला म्हणाले, "शिकलेलाही वळतो." सभा हसली. वकील परत आले आणि शेवटपर्यंत बैल झाले. हा प्रकार आखाजीच्या अपघातानंतरचा, पावसाळ्याच्या तोंडाचा आहे. मला तो त्या सभेतल्या दोघांनी वेगवेगळा सांगितला, आणि वकिलांबद्दल दोघांचे एकमत होते.

आखाजीच्या त्या मंगळवारनंतर बाजारातल्या दुकानदारांच्या पंचांची बैठक भरली. त्या रस्त्यावर पंचांचा शब्द चालत असे. त्या उन्हाळ्यात सायकलींनी माणसे पाडण्याचा तो पहिला प्रकार नव्हता. पंचांचे मुख्य एक कापडाचे व्यापारी होते. सगळे त्यांना शेठ म्हणत. शेठ म्हणाले, रस्त्याच्या दोन्ही तोंडांना पाटी लावून टाकू, सायकल बंद. बाजाराच्या दिवशीही बंद आणि इतर दिवशीही.

मास्तर पांझरा नदीच्या पलीकडे देवपुरात राहत. शाळा अलीकडे, बाजार ओलांडून. दुसरी वाट नदीच्या वाळूतून होती. वाळूत सायकल चालत नाही आणि मास्तरांना एवढे लांब पायी चालता येत नव्हते. रोज टांगा करण्याइतका ड्रॉइंग मास्तराचा पगार नसे. पाटी लागली की नोकरी गेली, एवढा सरळ हिशेब होता. मास्तर पंचांच्या बैठकीला गेले आणि हा हिशेब त्यांनी सांगितला नाही. ते म्हणाले, "शेठ, दोष सायकलीचा नाही. घंटी वाजली की आपला माणूस वळतो. वळला की थांबतो. थांबला की पडतो. त्याला न वळता डावीकडे व्हायला शिकवलं, तर एकही माणूस पडणार नाही."

"कोण शिकवणार?"

"मी."

"सगळ्या बाजाराला?"

"वेळ द्या."

शेठ हसले. "पोळ्यापर्यंत दिला. आखाजी ते पोळा. तोवर पायी चालणारं एक जरी माणूस सायकलीनं पडलं, तर पाटी लागली म्हणून समजा. आणि मास्तर, ती पाटी तुमच्याच हातानं रंगवून घेऊ. अक्षर चांगलंय तुमचं."

पहिले दोन बाजार मास्तर ओट्यावर उभे राहून ओरडत होते: "घंटी मागे, पाय डावीकडे, तोंड पुढे!" त्यांनी मोठ्या कागदावर चित्रे काढून भिंतींवर चिकटवली. एका चित्रात माणूस वळला होता आणि त्याच्या पोटात सायकल शिरली होती. लोक ते बघायला रस्त्याच्या मधोमध थांबू लागले. पुढच्या मंगळवारी मास्तरांना ती चित्रे स्वतःच फाडावी लागली.

मग ते अक्काकडे गेले.

अक्का म्हणजे तीच लसूणवाली. मनगटाला हळद बांधून ती तिच्या जागेवर बसली होती. खानदेशात आखाजीला माहेरी आलेल्या पोरी आणि गावातल्या बायका गौराई घेऊन नदीवर जातात. पांझरेच्या अलीकडच्या काठावर एक गट, पलीकडच्या काठावर दुसरा. मग दोन्ही काठांवरून एकमेकींचा जो उद्धार होतो, त्याला सणाची मुभा असते. त्यात कुणाची सासू सुटत नाही आणि कुणाचा नवराही. अलीकडच्या काठाची पुढारी वर्षानुवर्षे अक्का होती. तिचा आवाज उन्हाळ्यातल्या कोरड्या पात्रावरून देवपुरापर्यंत जाई. मास्तर पलीकडचे. त्यांनी तो लहानपणापासून ऐकला होता.

"अक्का," मास्तर म्हणाले, "आखाजीला तुम्ही आमच्या काठाला जे बोलता, ते दर मंगळवारी इथं बोलाल का?"

"कोनले?"

"घंटी ऐकून जो वळेल त्याला."

अक्काने थोडा विचार केला. "बाप्यासलेबी?"

"बाप्यांना जास्तच."

"मंग बोलसू," अक्का म्हणाली.

त्याच मंगळवारी सुरुवात झाली. शिंदखेड्याकडचा एक शेतकरी खांद्यावर घोंगडी टाकून चालला होता. मागून घंटी वाजली. तो थांबला, वळला आणि हसून हात जोडायला लागला.

"ओ दाजी!" अक्काचा आवाज फुटला. "मांगे काय सासू उनी का तुमनी?"

सगळी ओळ हसली. मेथीवाली, कांद्यावाली, कोपऱ्यातली वांगीवाली. शेतकरी गोंधळून नालीकडे सरकला आणि सायकल सरळ निघून गेली. पुढच्या माणसाला मेथीवालीने धरले. त्याच्या पुढच्याला सगळ्या ओळीने. "दाजी, मान मोडी जाई! पुढे दखा!" "आबा, राम राम पुढे करा, मांगे सायकल शे!" कापडाच्या दुकानातून बाहेर पडताना खुद्द शेठ वळले. ओळ क्षणभर गप्प झाली. अक्का नाही झाली. "शेठ, पगडी पुढे अन् तोंड मांगे?" शेठ डावीकडे झाले.

आषाढापर्यंत बाजार बदलला. मी त्या काळात जवळजवळ प्रत्येक मंगळवारी तिथे होतो. घंटी वाजली की माणसे मान न हलवता डावीकडे सरकत. रेघ आखल्यासारखी वाट मोकळी होई आणि त्या वाटेने सायकल जाई. बाहेरगावचे लोक वेशीतून आत येतानाच मान ताठ करून येत. पाचोऱ्याचा एक कापूसवाला मला म्हणाला, "धुळ्याचा बाजार करून घरी गेलो की दोन दिवस मान दुखते." एकही माणूस पडले नाही. मास्तर सकाळी बाजारातून जाताना घंटी नुसती किणकिणत ठेवत आणि त्यांच्यापुढे गर्दी दुभंगत जाई. त्यांचा ताठ पाय मधून निघे, पाठीवरचा पांढरा रुमाल मागे दिसे, आणि अक्का ओरडे, "तुना पाय उना रे मास्तर, आते तू ये!"

आणि मग घंट्या वाढल्या.

घंटीला वाट मिळते, हे सगळ्यांना कळले होते. आधी टांगेवाल्यांनी सायकलीच्या घंट्या विकत घेतल्या. मग एका गाडीवानाने जुवाला बसवून घेतली. पाठीवर पोते घेतलेल्या हमालाने कमरेला बांधली आणि कोपराने वाजवू लागला. सायकल दुरुस्तीवाल्याकडे ट्यूबपेक्षा घंटीचा खप जास्त झाला, असे तो स्वतः सांगे. श्रावणातल्या एका मंगळवारी माझ्या मागे घंटी वाजली. मी रीतीप्रमाणे न वळता डावीकडे झालो. शेजारून एक पाटील ऐटीत चालत गेले. डोक्याला फेटा, पायात वहाणा, हातात घंटी.

"आबा, सायकल कोठे शे?" कांद्यावालीने विचारले.

"सायकल कसाले?" पाटील न थांबता म्हणाले. "घंटीवरच बठ्ठा लोके सरकतस."

मास्तरांनी ते ऐकले आणि खिशातली घंटी बाहेर काढून तिच्याकडे पाहिले. त्या दिवसानंतर ती खिशात दिसली नाही. पण एव्हाना उशीर झाला होता. सगळीकडून घंट्या वाजत होत्या. कुठल्या घंटीला कुठे सरकायचे, हे कुणाला कळेना. सरकून सरकून नालीत उतरलेले लोक चिडले आणि सरकायचेच बंद झाले. मात्र शिकवणीतली एक गोष्ट टिकली. कुणी मागे बघत नव्हते. मागे बघण्याची लाज बाजारात मुरली होती. आणि दुसरीकडे सायकलवाले, घंटी वाजवली की आपले काम झाले, अशा समजुतीत होते. सायकल दुरुस्तीवाल्याने मला सांगितले की, ब्रेक घट्ट करून घ्यायला हल्ली कुणी येत नाही.

पोळ्याच्या आधीचा मंगळवार आला. मुदतीचा हा शेवटचा बाजार होता. आग्रा रोडवर बैलांच्या साजाचा बाजार भरला होता. शिंगांना लावायच्या शेंब्या, रंगीत गोंडे, नक्षीच्या झुली आणि घुंगरमाळा. घुंगरमाळ कुणी न वाजवता विकत घेत नाही. प्रत्येक दुकानापुढे माणसे माळा हलवून बघत होती आणि त्यात सायकलींच्या, टांग्यांच्या आणि हातातल्या घंट्या मिसळत होत्या. शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागत होते. शेठ आणि दोन पंच शेठच्या दुकानाच्या ओट्यावर उभे होते. मास्तरही सायकल टेकवून त्याच ओट्यावर उभे होते. त्या दिवशीची शाळा सुटली होती.

"दिवस मावळेपर्यंत," शेठ म्हणाले. "मग तुम्ही जिंकलात, मास्तर."

मास्तर पुलाच्या बाजूला बघत होते.

पुलाच्या उतारावरून एक दूधवाला सायकलवर येत होता. दोन्ही बाजूंना कॅन होते. तो जोरात होता आणि घंटी वाजवत होता. त्या गोंगाटात ती ऐकू येत नव्हती. रस्त्याच्या मधोमध, पुलाकडे पाठ करून अक्का उभी होती. गोंड्यांच्या दुकानाशी एक माणूस मागे वळला होता आणि अक्का कमरेवर हात ठेवून त्याचा समाचार घेत होती.

"अक्का!" मास्तर ओरडले. "मागे बघा!"

अक्काने मास्तरांकडे पाहिले. पण मागे पाहिले नाही.

"मागे बघा! मागे!"

अक्का हसली. मास्तर पंचांसमोर आपली परीक्षा घेत आहेत, असा तिचा समज झाला. तिने ते मला नंतर स्वतः सांगितले. तिने मान आणखी ताठ केली आणि सगळ्या ओळीला ऐकू जाईल असे म्हणाली, "आते मी नही वळस, मास्तर! माले शिकाडू नको!"

ओळीतल्या बायकांनी तिला शाबासकी दिली. दूधवाल्याने ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही.

मास्तर ओट्यावरून सायकलीवर बसले. पट्ट्यात पाय अडकवायला वेळ नव्हता. त्यांनी हाताने ओट्याला ढकलले आणि त्या एका रेट्यावर सायकल तिरकी रस्त्यात गेली, ताठ पाय पुढे करून, दूधवाला आणि अक्का यांच्या मध्ये. दूधवाल्याचे चाक मास्तरांच्या मागच्या चाकावर आदळले. दूधवाला उडून झुलींच्या ढिगावर पडला. मास्तर रस्त्यावर पडले. दोन्ही कॅन उलटले आणि दूध अक्काच्या पायांखालून वाहत गेले.

बाजारातल्या घंट्या थांबल्या. घुंगरमाळाही थांबल्या.

अक्काची पाठ अजून पुलाकडेच होती. ती पायांखालून जाणाऱ्या दुधाकडे बघत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "आते वळू का?"

"वळा," मास्तर खालून म्हणाले.

अक्का वळली. तिने दोन मोडलेल्या सायकली पाहिल्या, झुलींतून बाहेर येणारा दूधवाला पाहिला आणि दुधात बसलेले मास्तर पाहिले. मग ती खाली बसली आणि तिने पदराने मास्तरांचे तोंड पुसले. "येडा शे का रे तू," ती म्हणाली. "पायले लागनं का तुना?"

"ताठ पायाला काय लागणार," मास्तर म्हणाले.

शेठ ओट्यावरून उतरले. दोघे पंच त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलले. शेठनी मान हलवली आणि मोठ्याने जाहीर केले, "पायी चालणारं माणूस पडलं तर पाटी, असं ठरलं होतं. पायी चालणारं कुणी पडलेलं नाही. जे पडले ते दोघे सायकलवाले. सायकल बंद होणार नाही. मास्तर, तुम्ही जिंकलात."

लोकांनी आरडाओरडा केला. पाटलांनी हातातली घंटी वाजवली. मेथीवालीने मेथीची जुडी मास्तरांच्या अंगावर टाकली. मास्तरांनी हात वर केला आणि सगळे शांत होण्याची वाट पाहिली.

"शेठ," ते म्हणाले, "पाटी लावा."

"काय?"

"मी चुकीचं शिकवलं. घंटी वाजवणाऱ्याला वाटतं, आपलं काम झालं. ऐकणाऱ्याला वाटतं, बघायची गरज नाही. आज अक्का गेल्या असत्या, आणि त्या मी शिकवल्यामुळं गेल्या असत्या. मंगळवारी या रस्त्यावर सायकलवर बसायचं नाही. उतरायचं आणि हातात धरून चालत न्यायची. बाकीच्या दिवशी हळू."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

शेठनी त्यांच्या पायाकडे पाहिले. "आणि तुम्ही?"

"मीही."

"मास्तर, तुम्हाला चालता येत नाही."

"शिकेन," मास्तर म्हणाले.

पोळ्यानंतर पाटी लागली. दोन्ही तोंडांना एकेक. अक्षर मास्तरांचेच होते. मजकूर असा: 'बाजाराचे दिवशी सायकल हाती धरून न्यावी. चालणाऱ्याने मागे पाहावे.' दुसरे वाक्य पंचांच्या ठरावात नव्हते. ते मास्तरांनी स्वतः घातले. पंचांनी ते पुसायला सांगितले नाही.

मास्तरांना पांझरेच्या काठावर चालण्याचा सराव करताना अनेकांनी पाहिले. दुरुस्त झालेली सायकल ते कुबडीसारखी वापरत. छाती सीटवर टेकवायची, दोन्ही हात हॅन्डलवर, डावा पाय पुढे, मग ताठ पाय बाजूने फिरवून आणायचा. पहिल्या मंगळवारी बाजार पार करायला त्यांना इतका वेळ लागला की शाळेचा पहिला तास बुडाला. दुसऱ्या मंगळवारीही बुडाला. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितले की असे चालणार नाही. तिसऱ्या आठवड्यात वेळापत्रक बदलले आणि मंगळवारचे ड्रॉइंगचे तास दुपारी गेले. अक्का आणि ओळीतल्या बायका टोपल्यांसकट मुख्याध्यापकांच्या घरी गेल्या होत्या, असे बाजारात बोलले जाई. मुख्याध्यापकांनी याला दुजोरा दिला नाही. त्यांच्या घरी त्या आठवड्यात लसूण विकत आणावा लागला नाही, असे त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

अक्काचे बोलणे थांबले नाही. फक्त उलटे झाले. आता जो मागे न बघता रस्ता ओलांडे त्याला ती धरत असे. "दाजी, मानमा खुंटा ठोका शे का?" टांगेवाल्यांनी घंट्या काढल्या. पाटलांनी आपली घंटी त्या पोळ्याला बैलाच्या कपाळावर बांधली, आणि मिरवणुकीत ती पाटील स्वतः वाजवत चालले.

मास्तर मंगळवारी बाजारातून जाताना कुणाच्या मदतीचा हात घेत नसत. वाटेत ओटा लागला तरी बसत नसत. अक्काच्या जागेपाशी मात्र थांबत. तिने टोपलीशेजारी सायकल टेकवायला एक फळकूट विटांवर आडवे ठेवले होते. गिऱ्हाईक त्यावर बसायला लागले की ती म्हणे, "ऊठ. ते सायकलनं शे."

युद्ध आले, रबर महाग झाले, रस्त्यावरच्या सायकली कमी झाल्या आणि पुन्हा वाढल्या. मी मधली काही वर्षे जळगावला होतो. धुळ्याला परतलो तेव्हा पाटी होती. पहिले वाक्य उन्हाने पुसट झाले होते. दुसरे नव्याने रंगवलेले होते.

१९४७ साली, आखाजीच्या आधीच्या मंगळवारी, मी त्या दोघांना शेवटचे एकत्र पाहिले. बाजार भरलेला होता. अक्का रस्त्याकडे पाठ करून मेथीवालीशी बोलत होती. मास्तर पुलाच्या बाजूने सायकलीवर छाती टेकवून सावकाश आले. पाठीवर पांढरा रुमाल होता. अक्काच्या चार हात मागे ते थांबले. दोन्ही हात हॅन्डलवर होते. त्यांनी अंगठ्याने एकदा घंटी वाजवली.

अक्का वळली.

"राम राम, मास्तर," ती म्हणाली.